नट आवळणाऱ्यानं ट्रायलला बसायचं

परवा चिखलीत आमच्या बिल्डिंगखाली माझं डोकं सणकलं. नातू गाडी घेऊन आला, स्प्रिंगा बदलून जमिनीला टेकेल इतकी खाली घेतलेली... आणि वर मलाच सांगतो, "आबा, आता हँडलिंग बघा, कसलं भारी झालंय!"

नव्वदीला टेकलोय मी. आयुष्यभर गाड्यांच्या चाकांवरचे, धक्के झेलणारे पाटे आणि स्प्रिंगा हेच काम केलं. गाडी खाली घेतल्यावर काय होतं, हे मला सांगतोय! ओरडलोच त्याच्यावर.  पण राग त्याच्यावर नव्हता, राग जुना आहे.

गोष्ट पन्नासच्या दशकातली, शेवटाशेवटाची. पुण्याबाहेर नाशिक फाट्याजवळ एक गॅरेज होतं, तिथे मी फिटर होतो. लक्ष्मण मिस्त्री माझे उस्ताद, चाकणकडचे. त्यांचा एकच कायदा होता... ज्यानं नट आवळला, त्यानं ट्रायलला गाडीत बसायचं. ट्रक असो नाहीतर टांग्याचा पाटा, सूट कुणालाच नाही.

एका शेठच्या मुलानं विलायती दोन सीटची स्पोर्ट्स कार आणली. या साहेबांना शर्यतीत उतरायचं होतं. मिस्त्रींनी मागच्या पाट्यांची कमान जराशी दाबली, पुढच्या स्प्रिंगचं अर्धं वेटोळं कापलं. गाडी एक बोट खाली आली.

खोटं कशाला बोलू, गाडी सुंदर चालायला लागली! वळणावर पूर्वी होडीसारखी कलायची, ती आता रस्ता धरून बसायची. स्टिअरिंग जरा हललं की गाडी वळलीच. आम्ही सगळे खूश होतो.

पण साहेबांचं समाधान होईना. अजून दोन बोटं खाली हवी म्हणाले. एका बोटानं एवढा फरक पडतो, तर तीन बोटांनी किती पडेल... असा हिशोब! मिस्त्री गाडीखाली शिरले, अॅक्सल आणि त्यावरचा, धक्का अडवणारा रबरी ठोकळा यांच्यातलं अंतर बोटानं मोजलं आणि बाहेर आले.

"न्हाई जमायचं साहेब. खड्डा आला तर चाक वर याला जागा पायजे का न्हाई? वळनावर ठोकळ्याला टेकली की पाटा असून नसल्यागत. मागचं चाक रस्ताच सोडंल."

साहेब हसले. ट्रकवाल्या मिस्त्रीला स्पोर्ट्स कारमधलं काय कळतंय, असं सगळ्यांसमोर म्हणाले. आमचे गॅरेजमालक सगळं समजून होते, पण शेठच्या मुलापुढे शेपूट हलवत उभे. मिस्त्रींनी पान्हा खाली ठेवला. मग मालकांनी माझ्याकडे बघितलं... आणि मी तो उचलला.

हो, मी उचलला. विलायती गाडीला हात लावायला मिळणार म्हणून छाती फुगली होती माझी. दुपारपर्यंत कमान पार सपाट केली, नट आवळले. ठोकळ्याखाली आता नखभर जागा राहिली होती, ती मला दिसतही होती. तोंड मात्र उघडलं नाही.

ट्रायलची वेळ झाली. कायद्यानं मीच बसायचं होतं. मी दाराशी गेलो, तर मिस्त्रींनी मला दंडाला धरून मागे ओढलं.

"महिन्यावर लगीन आलंय तुझं. सर बाजूला. उस्ताद मी हाय, मी बसतो."

गाडी साहेब चालवत होते. भोसरी मागे टाकून ती मोशीपर्यंत गेली. पुढे इंद्रायणीकडे उतरताना वळण होतं, आणि ऐन वळणात खड्डा. एका ट्रकवाल्यानं येऊन सांगितलं तसा मी सायकल हाणत गेलो... गाडी बाभळीत आडवी पडलेली. साहेबांच्या कपाळावर एक ओरखडा, बस! आणि मिस्त्री बांधाला टेकून बसलेले, उजवा हात कोपरातून भलतीकडेच वळलेला.

मला बघून म्हणाले, "नट नीट आवळले हुतेस रे. येक बी ढिला न्हवता."

तिकडे साहेब ओरडत होते, मिस्त्रीनं काम कच्चं केलं म्हणून! मागाहून आलेले मालक मान हलवत होते. आठ माणसं जमली होती. गाडी आणखी खाली घ्यायचा हट्ट कुणाचा होता आणि हात कुणाचा होता, हे मिस्त्री एका वाक्यात सांगू शकत होते. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. आणि मीही घेतलं नाही.

तो हात पुन्हा सरळ झाला नाही. मिस्त्री गावी परत गेले, आणि गॅरेजात त्यांच्या जागी नेमलं कुणाला? मला! आज लिहितानाही तळपायाची आग मस्तकात जाते. राग त्या साहेबावर येतो, त्या मालकावर येतो... पण सगळ्यात जास्त स्वतःवर.

तर परवा नातवाला विचारलं, ही गाडी खाली घेतली कुणी? म्हणाला, शॉपवाल्यानं. तो ट्रायलला बसला होता का? नातू हसला... "आबा, आता असं कोण करतं?"

मी चपला घातल्या आणि दार उघडून शेजारी बसलो. म्हटलं, चल मोशीच्या रस्त्याला, पण हळू. पहिल्याच स्पीडब्रेकरवर खालून ठोकळ्याचा धप्प आवाज आला, कण्यापर्यंत गेला. मी त्याला सगळी गोष्ट सांगितली. पोरानं गाडी वळवली आणि थेट शॉपवर नेऊन जुन्या स्प्रिंगा परत बसवायला सांगितल्या.

शॉपवाला नट आवळत होता, तेव्हा मी बाजूला उभा होतो. मिस्त्री, त्या दिवशी तुमच्या सीटवर मी बसायला हवं होतं. बसलो परवा... पासष्ट वर्षं उशिरा.