लाडू आत, धार मागं

हाडांच्या पेटीत हात घातला की एकटं हाड कधी हाती येत नाही. बरगडीत मणका अडकून येतो, मणक्यामागे आणखी दोन. आमच्या डिसेक्शन हॉलचे किस्सेही तसेच. एक ओढावा तर चार बाहेर पडतात. बावीस वर्षं मी मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमीची अटेंडंट आहे. देह टेबलावर घेणं, झाकणं, पोरांना हाडं देणं, पुसून परत ठेवणं हे माझं काम. शिक्षण चौथी पास. पण कोणतंही हाड अंधारात हाती द्या, डावं की उजवं ते सांगते. नाही सांगितलं तर नाव बदला माझं.

यंदाचे सगळे किस्से सारिकाभोवतीच गुंडाळले गेले, तर तिच्यापासूनच धरते.

*

सारिका फुलसावंगीकडच्या तांड्यातली. तांड्यातून डॉक्टरकीला आलेली पहिलीच पोरगी. पहिल्या दिवशी वडील सोडायला आले आणि हॉलच्या खिडकीशी उभे राहिले. आत सरांचा पहिला धडा चालू होता. माणूस झोपलेला असो, बसलेला असो, पालथा असो, आपण तो सरळ उभा आहे आणि त्याचे तळहात समोर आहेत असंच धरायचं, मगच आत-बाहेर, पुढं-मागं बोलायचं. तेवढं सांगून सरांनी सगळ्या वर्गाला तसंच उभं केलं. शंभर पोरं ताठ उभी, तळहात पुढं!

वडिलांनी मला हळूच विचारलं, "बाई, प्रसाद वाटून राह्यले का?"

मी म्हटलं, "वाटून राह्यले भाऊ, पण हाती पडायले वरीस लागते."

त्यांनी मान हलवली आणि चपला काढून बाजूला ठेवल्या.

*

मी तरी कुठं पोटातून शिकून आले होते? नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सर म्हणाले, "मावशी, उजवा हात झाका, डावा उघडा ठेवा." मी टेबलाच्या पायथ्याशी उभी. माझ्या उजवीकडचा हात झाकला. सर म्हणाले, "तुमचं उजवं नाही, बाबांचं उजवं." ज्यांनी देह दिला त्यांना आमच्याकडे बाबाच म्हणतात.

मला राग आला. म्हटलं, "बाबा तर बोलत नाहीत. मले कसं समजावं?"

सर म्हणाले, "बोलत नाहीत, म्हणूनच आपण त्यांच्या बाजूनं बोलायचं."

त्या दिवसापासून मी हॉलमध्ये स्वतःच्या बाजूनं बोलणं सोडलं. घरी मात्र चालू आहे.

*

घरचंही ऐका. आमचे मालक राळेगावच्या रस्त्यावर सायकलवरून पडले. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, कुठं दुखतं? हे म्हणतात, "इथी." इथी म्हणजे कुठं? "हेच ना, इथी." पाव तास तोच खेळ. शेवटी मीच म्हटलं, "डॉक्टरसाहेब, डावा पाय, नडगीचं वरचं टोक, बाहेरच्या अंगानं. लॅटरल लिहा. मीडियल लिहू नका, आतून काही झालं नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "ताई, कोणत्या वॉर्डच्या सिस्टर आहात?"

मी तोंड उघडायच्या आत मालक म्हणाले, "साहेब, ती म्हणते ते लिहून घ्या. तिनं सांगतलं तिथीच दुखते."

*

आता परीक्षेचं. तोंडी परीक्षेत बाहेरून सर येतात. पोरगं बरोबर उत्तर देतं. सर नुसतं विचारतात, "नक्की?" झालं! पोराच्या पायाखालची जमीन सरकते. मागं एका उंच पोराला गळ्याखालचं हाड दिलं. तो म्हणाला डावं. "नक्की?" उजवं. "नक्की?" डावं. "नक्की?" उजवं. सरांना दया आली. म्हणाले, "बाळा, आता एकदाच शेवटचं सांग."

पोरगा घाम पुसत म्हणाला, "सर, मधलं असेल."

मी ट्रे घेऊन बाहेर पळाले. ट्रे घेऊन हसता येत नाही, हाडं वाजतात.

*

सारिका नापास झाली ती याच "नक्की"पायी. पोरीला सगळं येत होतं, पण समोरच्यानं भुवई वर केली की उत्तर फिरवायची. मी तिला हॉलच्या मागच्या पायरीवर गाठलं.

"काहून फिरवतं वं उत्तर?"

"मावशी, मोठं माणूस विचारते म्हणजे आपलंच चुकलं असंल ना. आमच्या तांड्यात मोठ्यायपुढं मान वर नाही करत."

मग एकेक सांगत गेली. घरी नापास झाल्याचं बोललीच नव्हती. तांड्यात सगळे तिला आतापासून डॉक्टरीणबाई म्हणायचे. ती गावी पोचली की ओट्यावर माणसं ओळीनं दुखरे गुडघे उघडे टाकून बसायची. फेरपरीक्षा सव्वा महिन्यावर. त्यात गेली तर बॅच सुटणार, एक वर्ष मागं. "मग कोणत्या तोंडानं गुडघे पाहू?" म्हणाली आणि रडायला लागली.

"रडून हाडाची बाजू बदलते काय?" मी म्हटलं. "उद्या दुपारी ये. फरशी पुसायच्या वक्ताले."

*

महिनाभर रोज एकच काम. मांडीचं हाड तिच्या हाती द्यायची. वर गोल लाडूसारखं डोकं, मागच्या अंगाला उभी धार. "लाडू आत, धार मागं," मी सांगितलं. "ज्याचं हाड त्याच्या जागी उभी राय, आपल्या मांडीले लाव आणि बोल." ती बोलली की मी विचारायची, "नक्की?" ती फिरली की पुन्हा पहिल्यापासून.

त्याचा भलताच परिणाम झाला. मेसवाल्यानं तिला विचारलं, "ताई, भाजी वाढू?" ती हो म्हणाली. तो म्हणाला, "नक्की?" पोरगी गडबडली आणि नको म्हणाली. दोन दिवस कोरडी पोळी खाल्ली! मला कळल्यावर मी मेसमध्ये जाऊन दोघांनाही झापलं.

विभागाच्या मॅडमकडे कुणीतरी चुगली केली. बोलावणं आलं. "मावशी, शिकवायचं काम आमचं आहे ना?"

"होय ना मॅडम. मी कुठं शिकवते? मी फक्त विचारते."

मॅडमनी माझ्या हातातल्या ओल्या फडक्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "विचारा. पण फरशी कोरडी करून."

*

परीक्षेच्या दिवशी ट्रे माझ्याच हाती होता. अटेंडंटनं ओठ हलवायचे नाहीत हा नियम. बाहेरचे सर जाड चष्म्याचे, सकाळपासून कोणाकडे बघून हसले नव्हते. सारिका आत आली. सरांनी ट्रेमधून मांडीचं हाड उचलून तिला दिलं.

तिनं मांडीला लावलं. "सर, फीमर. डावं."

"नक्की?"

"हो सर."

"नक्की?"

"हो सर." आवाज थोडा बारीक झाला.

सरांनी चष्मा वर सरकवला. "मी म्हणतो, उजवं आहे."

पोरीची मान खाली गेली. हाडं वाजू नयेत म्हणून मी ट्रे पोटाशी दाबला. आता फिरते, मी मनात म्हटलं. गेली बॅच, गेलं वर्ष, गेले ते सगळे गुडघे.

सारिकानं मान वर केली नाही. पण हाड उचललं आणि उजव्या मांडीला लावलं. लाडू आत घेतला. धार समोर आली. ती धारेवर बोट ठेवून, मान खालीच ठेवून म्हणाली,

"सर, उजवं असतं तर बाबांचा गुडघा पुढच्या बाजूला वाकला असता."

सरांनी तिच्या हातातून हाड घेतलं. खुर्चीतून उठले. आपल्या उजव्या मांडीला लावून पाहिलं, खाली वाकून गुडघ्याकडे पाहिलं, पुन्हा हाडाकडे पाहिलं. मग बसले आणि कागदावर आकडा लिहिला. मी चौथी पास असले तरी आकडे वाचता येतात, उलटे धरलेले सुद्धा. पास होती पोरगी. मी ट्रे खाली ठेवला.

सर माझ्याकडे वळले.

"मावशी, यांना पाणी द्या," म्हणाले. "आणि मलाही."