तळघरातली सहल

कडकशेठना सहलीची सवय नव्हती. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण कपडे आणि स्वभाव दोन्ही कडक ठेवणारा इस्त्रीवाला म्हणून गल्लीने त्यांचं हे बारसं केलं आणि त्यांनी ते कुरकुर न करता मान्य केलं. बायकोला समुद्र दाखवायचं त्यांनी लग्नात कबूल केलं होतं. पुढे मुलं झाली, मुलांना मुलं झाली. समुद्र काही जागचा हलत नव्हता, तेव्हा घाई कशाला, असं त्यांचं मत. शेवटी थोरल्याने तिकिटं त्यांच्या हातात ठेवली आणि दुकानाची किल्ली काढून घेतली.

निघताना बाईंनी एकच अट घातली. "तिथे इस्त्रीला हात लावायचा नाही. लावलात, तर पुढच्या वेळी मी धाकट्या बहिणीबरोबर जाईन. तुम्ही बसा दुकानात पाणी शिंपडत."

"लोकांच्या कॉलरकडे बघितलं तर चालेल?"

"बघा. बोलायचं नाही."

हॉटेल समुद्रकाठी होतं, यात खोटं काही नव्हतं. फक्त थोरल्याने स्वस्तातली खोली घेतली होती आणि तिची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडत होती. भिंतीवरून एक पाइप खाली गेला होता आणि तो गळत होता. बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. "पाणी दिसतंय म्हणायचं," एवढंच बोलल्या. किनाऱ्यावर गेल्या, तर तिथे इतकी गर्दी, की समुद्राच्या आधी लोकांच्या पाठी पाहाव्या लागत. टेकायला जागा नाही. बाईंचे गुडघे बोलायला लागले. दुपारी त्या खोलीत येऊन खिडकीकडे पाठ करून पडल्या.

कडकशेठ पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांची नजर उशीच्या अभ्र्यावर गेली. शिवणीला एक चुणी नाही. कोपरा असा बसलेला, की त्यांनी तो दोनदा उलटून पाहिला. मग चपला हातात घेऊन, दाराचा आवाज न करता ते बाहेर पडले.

तळघरात वाफेच्या ढगामागे एक बुटका माणूस इस्त्री फिरवत होता. त्याने वर न पाहताच विचारलं, "काय जळलं?"

"काही नाही."

"मग डाग राहिला असेल."

"अभ्रा बघून आलो. चांगला आहे."

त्या माणसाने इस्त्री उभी केली. आजवर तळघरात उतरलेला प्रत्येक पाहुणा तक्रार घेऊनच आला होता; कौतुक घेऊन आलेल्याला बसवायचं कुठे, याची तिथे सोयच नव्हती. एकुलत्या एका खुर्चीवर टॉवेलांची चळत होती. त्याने ती उचलून जमिनीवर ठेवली. स्वच्छ टॉवेल जमिनीवर. कडकशेठना गहिवरून आलं.

मैत्री व्हायला चहा संपण्याइतकाही वेळ लागला नाही, आणि भांडण लगेच मागोमाग आलं. तळघरवाला सदऱ्याची बाही आधी करायचा, कडकशेठ कॉलर.

"मग कॉलर करताना बाही चुरगळते, त्याचं काय?" कडकशेठनी विचारलं.

"चुरगळत नाही. हात हलका लागतो."

"म्हणजे माझा जड?"

"मी नाही म्हटलं. तुम्हीच म्हणालात."

या वाक्यानंतर स्वाभिमानी माणसापुढे एकच मार्ग उरतो. कडकशेठनी इस्त्री हातात घेतली.

रोज दुपारी ते 'जरा फिरून येतो' म्हणून जायचे आणि परत यायचे ते शीळ घालत. रोज ठरवायचे, आज सांगून टाकू. पण बाई भिंतीकडे बघत बसलेल्या दिसल्या, की ते सांगणं उद्यावर ढकलायचे. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी बाईंनीच विषय काढला. "कुठे जाता हो?"

"फिरायला."

"इथे आल्यापासून वेटरशी भांडला नाहीत. लिफ्टवाल्याला नावं ठेवली नाहीत. कुठेतरी काम करताय तुम्ही." त्यांनी चपला घातल्या. "चला, दाखवा."

तळघरवाला त्यांना पाहून उभाच राहिला. "या वहिनी. चूक माझी आहे. मी यांना नको ते बोललो."

"तुमची ओळख परवाची, भावोजी. मी यांना जन्मभर ओळखते." बाई टॉवेलांवर नजर टाकत खुर्चीत बसल्या. राग असता तर कडकशेठनी तो निभावला असता. पण बाईंचा आवाज थकलेला होता. "मला यांच्याशेजारी बसून समुद्र बघायचा होता. बाकी काही नव्हतं."

तळघरवाल्याने ओल्या चादरींची टोपली उचलली. "मग इथे कशाला बसलात? वर चला."

मालाच्या लिफ्टने तिघं गच्चीवर गेली. तिथे पाहुण्यांना मज्जाव होता, म्हणूनच ती गच्ची रिकामी होती. दोऱ्यांवर चादरींच्या रांगा, आणि रांगा संपतात तिथून सरळ समुद्र. मधे एकाचीही पाठ नाही. तळघरवाल्याने एक रिकामी टोपली उपडी केली, तिच्यावर कोरडी चादर अंथरली. बाई बसल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी शेजारची जागा हाताने थोपटली.

कडकशेठ बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "खाऱ्या वाऱ्याने कापड आपोआप ताठ होत असेल, नाही?"

"ताठ होतं, पण चिकट," मागून तळघरवाला म्हणाला.

"दोघं गप्प बसा," बाई म्हणाल्या. "लाटा ऐकू येत नाहीत."

उरलेली सहल गच्चीवरच झाली. बाई समुद्र बघत, मधेच उठून तोंडात चिमटे धरून चादरी वाळत घालू लागत. कडकशेठही समुद्र बघत. निदान तोंड तरी त्या दिशेला असे.

जायच्या दिवशी निरोप घ्यायला दोघं तळघरात उतरली. स्टेशनवर पोचवायला यायचं म्हणून तळघरवाल्याने घरचा सदरा घातला होता. तो सदरा म्हणजे बोळा करून फेकलेला कागद.

"स्वतःच्या कपड्यांना वेळ कुठे मिळतो?" तो ओशाळून म्हणाला.

कडकशेठची बोटं चाळवली. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"तुम्ही नको. घाईत जाळाल," बाई म्हणाल्या. "काढा तो सदरा, भावोजी." त्यांनी पदर खोचला, तळव्याजवळ धरून इस्त्रीचा ताव पाहिला आणि सदरा अंथरला. दोन्ही उस्ताद भिंतीला टेकून उभे राहिले. बाईंनी ना कॉलरपासून सुरुवात केली, ना बाहीपासून. पाठ आधी घेतली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि शहाणपणाने काही बोलले नाहीत.

"पुढच्या वर्षी खोली भिंतीकडचीच घ्या हो," इस्त्री फिरवता फिरवता बाई नवऱ्याला म्हणाल्या. "दुपारी झोप चांगली लागते."