काचेच्या पेटीतली हॅट

माणसाचा खरा इतिहास त्याच्या डोक्यात नसतो, डोक्यावर असतो. हे वाक्य माझं आहे. जालन्यातल्या निरनिराळ्या मंचांवर मी ते उच्चारलं आहे आणि दर वेळी त्याला टाळ्या पडल्या आहेत. त्याचा अर्थ काय, ते मला अजून कळलेलं नाही.

जे कळलं आहे ते मात्र परवापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, भावाला नाही. परवा सांगितलं — आणि आज तुम्हाला सांगतो आहे. का? एकदा तोंड उघडलं की मिटता येत नाही, एवढंच कारण असावं.

मला लोक जुन्या टोप्यांचा संग्राहक म्हणून ओळखतात. जुन्या जालन्यातल्या माझ्या घरात, पुढच्या खोलीत, एक काचेचं कपाट आहे. त्यात गोंडेवाल्या रुमी टोप्या आहेत, जरीच्या आहेत, एक पगडी आहे. खालच्या कप्प्यात दोन शेरवान्या घडी घालून ठेवल्या आहेत. सगळं ऑनलाइन लिलावातून घेतलेलं. लोक येतात, चहा पितात, विचारतात — हा छंद कसा लागला? मी म्हणतो, ‘वारशाची ओढ.’ असं म्हणताना मी खिडकीबाहेर बघतो. बाहेर धान्याच्या दुकानासमोर अडकलेले ऑटो दिसतात. पाहुण्यांना वाटतं, मी भूतकाळात बघतोय.

वारशाची ओढ? नाही हो. त्याच्या अगदी उलट होतं. येतोच आहे त्याच्याकडे. जरा वळसा घालून येतो, एवढं चालवून घ्या.

बापू, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. तलाव, बांध, चाऱ्या — उन्हात उभं राहून मापं घ्यायची. त्यांच्याकडे एक खाकी सोला हॅट होती. आत हलकं भेंड, वर कापड. आमच्या आष्टीत त्या हॅटचा दरारा होता. बापूंचा नव्हता. ते मऊ माणूस. हॅट काढली की त्यांचं कुणी ऐकत नसे. दादाला — माझा थोरला भाऊ, आष्टीलाच असतो, शेती बघतो — त्या हॅटचं भारी वेड. बापू जेवायला बसले की ती डोक्यावर चढवून तो अंगणातल्या बैलांना हुकूम सोडायचा. मला कधी घालू दिली नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. आठवलं म्हणून सांगितलं.

शेवटची काही वर्षं बापू उपचारासाठी माझ्याकडे होते आणि इथेच गेले. त्यांचं सामान माझ्याकडे राहिलं. मला वस्तूंची भक्ती जमत नाही. गेलेल्या माणसाच्या चपलेला हार घालणाऱ्यांची मी थट्टा करत आलोय — आणि ती थट्टा लोकांना ऐकवतही आलोय.

तर ते गेले त्या वर्षी दिवाळीच्या आधी बायको माहेरी गेली होती आणि दारावर बोहारीण आली. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी. मी बापूंच्या पँटी, शर्ट, एक कोट असं सगळं पुढे टाकलं. तिने कपडे उजेडात धरून पाहिले, कोटाच्या अस्तरात बोट घातलं आणि एक मोठा डबा दिला. बिनझाकणाचा.

“झाकण?”

“झाकणाचं येगळं, काका. एवढ्या कपड्यात डबाच बसतोय. अजून काई टाका.”

टाकण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे — होतं. खुंटीवर हॅट होती.

“ह्या टोपलीचं म्या काय करू?”

“उन्हात हिंडता ना? घाला डोक्यात.”

“माही सासू हासून हासून मरंल.” ती स्वतःच हसली. “बरं, आणा. मरू द्या म्हातारीला.”

झाकण मिळालं. घट्ट बसतं.

म्हणजे मी बापूंची हॅट डब्याच्या झाकणासाठी दिली. लिहिलं एकदाचं. तेव्हा काय वाटलं मला? सौदा बरा झाला, असं वाटलं. पण थांबा — कबुली याची नाही. एवढ्यावर थांबलो असतो तर हा नुसता बेफिकीर मुलाचा किस्सा झाला असता आणि मी तो मिश्किलपणे सांगितलाही असता.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा दादाचा फोन आला. “येताना बापूची हॅट आण. फोटोपशी ठेवू. आन् बॅगेत कोंबू नको, तुहा काई भरोसा न्हाई.”

मी म्हणालो, “बराबर आणतो.”

तिथेच सांगता आलं नसतं? दादा, ती मी देऊन टाकली — एवढंच वाक्य. तो चिडला असता, काही दिवस बोलला नसता, मग भुईमुगाच्या शेंगांचं पोतं घेऊन स्वतःच आला असता. मला हे सगळं ठाऊक होतं. तरी म्हणालो, बराबर आणतो. भित्रेपणाला मोठा प्रसंग लागतो, अशी माझी समजूत होती. फोनवरसुद्धा भागतं त्याचं.

बोहारीण शोधली. ती काही भेटली नाही. दुसऱ्या दोघी भेटल्या, त्यांनी मला डबे दाखवले. मग जुन्या वस्तूंच्या लिलावाची एक साइट सापडली. पहिली हॅट आली ती पांढरी निघाली. दुसरी खाकी होती, पण परातीएवढी. तिसरी एकटी मिळेना. लॉट होता — हॅट, दोन रुमी टोप्या आणि एक शेरवानी, ‘नवाबाच्या खासगी संग्रहातून’. देशात जेवढे नवाब होऊन गेले त्याहून जास्त नवाबांचे कपडे त्या साइटवर विकायला आहेत. लिलाव संपता संपता कुणीतरी तुमच्यावर बोली चढवतो. तो कोण, कुठला, काही माहीत नसतं. त्याचा राग मात्र अस्सल येतो. त्या रागात मी एक पगडी जिंकली. तिचा बापूंशी, माझ्याशी किंवा पाटबंधारे खात्याशी काहीही संबंध नव्हता.

पार्सलं घरी यायला लागली. बायको म्हणाली, “डोकं एक अन् टोप्या एवढ्या? आत काई असतं तर एकही लागली नसती.”

काहीतरी उत्तर देणं भाग होतं. म्हणालो, छंद आहे.

असा तो छंद जन्माला आला. माझ्या संग्रहात ज्या ज्या टोप्या आहेत त्या सगळ्या चुकून आलेल्या आहेत. मला टोप्या आवडत नाहीत. घातली की कपाळाला खाज येते. पण एकदा ‘छंद आहे’ म्हटल्यावर कपाट करावं लागलं. कपाट केल्यावर बघायला लोक आले. लोक आल्यावर बोलावं लागलं. आणि बोललो तर मंडळांनी शाल द्यायला बोलावलं. आयुष्यभर मी अशा शालींवर हसत आलो होतो. अंगावर पडल्यावर कळलं, ऊब बरी असते.

हवी ती हॅट वर्षश्राद्धाच्या तोंडावर अखेर मिळाली. तोच खाकी रंग, तोच आकार, तेच माप. पण फार स्वच्छ होती. मी ती गच्चीवर उन्हात टाकली, चहाचं पाणी शिंपडलं, माती चोळली, कडेला बापूंच्या हॅटला होता तसा पोचा पाडला. आणि मग बाजारातून आवळ्याचं तेल आणलं. बापू लावायचे तेच. ते हॅटच्या आतल्या पट्टीला बोटाने चोळलं, जिरलं, पुन्हा चोळलं.

हॅट बदलली, ही फसवणूक झाली. पण तेल? त्याला काय म्हणायचं?

आष्टीला दादाने हॅट दोन्ही हातांत घेतली, उलटी केली आणि तोंड आत घातलं. बराच वेळ तसाच होता. मान वर केली तेव्हा डोळे भरले होते. “अजून वास येऊन राह्यला बापूचा,” म्हणाला. मी मान हलवली.

एवढ्यावरही थांबता आलं असतं. नाही थांबलो.

घरात आमची आत्या आहे. बापूंची धाकटी बहीण. लवकर विधवा झाली आणि भावाकडे परत आली ती कायमची. आता दादाकडेच असते. वर्षश्राद्धाला ती काही बोलली नाही. पण पुढे गावच्या वाचनालयात ‘आपला वारसा’ म्हणून काचेची पेटी मांडायचं ठरलं, दादाने हॅट दिली आणि मोठा समारंभ झाला. एक पुढारी आले. त्यांनी भाषणात बापूंना स्वातंत्र्यसैनिक करून टाकलं. बापू सरकारी नोकर होते, रजासुद्धा भीत भीत मागायचे. मग हॅटला शाल पांघरली. श्रीफळ दिलं. हॅटला हात नसल्याने ते मी घेतलं.

त्या टाळ्यांमध्ये आत्या पुढच्या खुर्चीवरून उठली आणि खणखणीत म्हणाली, “ही हॅट माह्या भावाची न्हाई.”

टाळ्या थांबल्या. दादा कसनुसं हसला, माझ्याकडे वळला. “तूच सांग रे लोकाला. तू जाणकार हायेस.”

आणि मी सांगितलं. माइक हातात होता. भेंडाच्या जातीबद्दल बोललो, शिलाईबद्दल बोललो, हॅट शंभर टक्के अस्सल असल्याचं जाहीर केलं. त्या बाबतीत निदान खोटं नव्हतं. हॅट अस्सलच होती, फक्त दुसऱ्या कुणाची. मग आत्याकडे बघून, अगदी प्रेमळ आवाजात म्हणालो, “आत्या, वय झालं आता. होतं असं.”

लोक हसले. वाईट नाही, मायेनेच हसले. आत्या उभी होती. मग खाली बसली.

ही माझी कबुली.

त्या दिवसापासून घरात ठरून गेलं, की आत्याचं डोकं चालत नाही. ती म्हणाली दूधवाला येऊन गेला, की दादाची सून बाहेर जाऊन बघायची. तिला गॅसला हात लावू देईनात. जालन्याला आणून डॉक्टरांना दाखवलं — दाखवायला मीच घेऊन गेलो — आणि विसरण्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या. पण सगळ्यांत वाईट म्हणजे तिलाच ते पटलं. आमच्या घरात चुलत-मावस सगळ्यांच्या तिथी तोंडपाठ असणारी बाई, ती प्रत्येक वाक्याच्या शेवटी विचारायला लागली, “असंच ना रे?” मला विचारायची. मी शिकलेला म्हणून मला. मी म्हणायचो, हो आत्या, असंच.

किती वेळा म्हणालो असेन?

परवा आष्टीला गेलो. काही घडलं नव्हतं, कुणी पकडलं नव्हतं. मागच्या खेपेला तिने मला माझंच नाव घेऊन हाक मारली आणि पुढे विचारलं, “असंच ना रे?” मला तेवढं पुरलं.

ओसरीवर दोघं होते, दादा आणि आत्या. सांगितलं. झाकण, लिलाव, तेल, सगळं. तेलाशी आलो तेव्हा दादा उठला, चपला घातल्या आणि शेताकडे निघून गेला. अजून त्याचा फोन नाही. येईल किंवा येणार नाही; दोन्ही रास्त आहे.

आत्या मात्र ऐकत राहिली. मधे एकदाच म्हणाली, “झाकणापायी?” मी म्हणालो, हो.

“मंग माहं डोकं बराबर हाय,” ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

उठली, आत गेली, गॅस पेटवला आणि चहा टाकला. सून दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. चहात साखर फार होती. मी दोन कप प्यायलो. परतताना गाडीत मला झोप लागली. कित्येक वर्षांत अशी लागली नव्हती.

दादाचं आणि आत्याचं झालं. पण हॅट अजून वाचनालयात आहे. दर राष्ट्रीय सणाला तिला हार पडतो आणि त्या वेळी पुढारी डोक्यावरची टोपी काढून तिच्यासमोर मान झुकवतात. गावाला कळायलाच हवं, म्हणून हे लिहून छापायला दिलं. आणि सगळंच सांगायचं तर एक गोष्ट राहिली. बापूंचं डोकं लहान होतं. पुरुषांच्या हॅटमध्ये ते माप कुठे सापडत नव्हतं. जी सापडली तिचं लिलावाच्या पानावरचं वर्णन असं होतं — ‘मडमेची सोला हॅट. बागेत घालण्याची. गुलाबी रिबीन गहाळ.’