पुस्तकातली बाळजाई

जुन्नरच्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायचे. सुट्टी लागली की घोडेगावला एसटी बदलून आहुप्याला जायचे. तिथली एक मावशी मला देवराईबद्दल सांगायची आणि मी वहीत उतरवून घ्यायचे. अशा पाच-सहा वर्षांच्या खेपांमधून एक पुस्तक झालं. पुण्यातल्या एका लहान प्रकाशकानं ते छापलं.

पहिली प्रत मी मावशीलाच नेऊन दिली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवलं. राईतल्या झऱ्याचं पान आलं तेव्हा तिनं मला थांबवलं.

"बाळजाई न्हाई बाई, वाळजाई. चैतात पाणी वाळतं म्हणून."

झऱ्याचं नाव मी चुकीचं ऐकलं होतं. तेवढ्यावर थांबले असते तरी बरं. पण बाळजाई या नावावरून, बायका तान्ह्या बाळाचे पाय त्या पाण्याला लावतात, असं एक वाक्यही मी अंदाजानं लिहून टाकलं होतं. दुसऱ्या आवृत्तीत सुधारते, असं मी मावशीला सांगितलं. दुसरी आवृत्ती निघालीच नाही.

गेल्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती आता जुन्नरच्या कोर्टात वकिली करते. एआयला शिकवायला कंपन्यांनी न विचारता पुस्तकं वापरली म्हणून परदेशात लेखकांनी दावे लावलेत, हे तिनं मला समजावून सांगितलं. मग तिनं मोबाईलवरच्या एआयला आहुप्याच्या झऱ्याबद्दल प्रश्न विचारला आणि उत्तर माझ्यासमोर धरलं. त्यात बाळजाई होती. तान्ह्या बाळाचे पायही होते. वाक्य जवळजवळ माझंच होतं.

"बाई, हे नाव दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात नाही," ती म्हणाली. "तुमची चूकच आपला पुरावा आहे."

मला राग येईल असं वाटून ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला विचारलं, चहात साखर घालू का.

त्या एआयच्या कंपनीकडे दाद मागायची म्हणून तिनं माझ्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा केला. त्यात एक ओळ होती, की बाळजाई हे नाव माझ्या चुकीतून आलं आणि गावात ते कुणीही वापरत नाही. सही करण्याआधी एकदा खात्री करावी म्हणून मी आहुप्याला गेले. बऱ्याच वर्षांनी.

मावशी ओट्यावर बसली होती. तिनं मला आवाजावरून ओळखलं. सून पाणी घेऊन आली. मी झऱ्याबद्दल विचारलं तर तीच बोलायला लागली.

"बाळजाईला लई लोकं येतात आता. रविवारी गाड्या लागतात. लेकरांचे पाय धुतात, फोटो काढतात. मोबाईलात वाचून येतात."

"पण नाव वाळजाई आहे ना?"

"आदी व्हतं म्हणतात. आता आमीबी बाळजाईच म्हणतो."

मी मावशीकडे वळले. तुम्हीच मला सांगितलं होतं, म्हटलं. ती समजूत घातल्यासारखी म्हणाली, "तुमी पुस्तकात लिवलंय ना बाई? मग तसंच आसंल."

मी ग्लासातलं पाणी संपवलं. सूनबाईनं जेवून जा म्हटलं म्हणून नाचणीची भाकरी आणि पिठलं खाल्लं. मावशीचा हात हातात घेतला होता, एवढं आठवतं. तेव्हा मला काय वाटत होतं, ते आठवत नाही. बहुतेक काही वाटतच नव्हतं.

जुन्नरला आल्यावर माझ्या वकील विद्यार्थिनीला सगळं सांगितलं. तिनं मसुदा पुन्हा काढला.

"मग 'गावात कुणी वापरत नाही' हे खोटं ठरेल," ती म्हणाली. "तेवढं काढू. बाकीचं पुरेल."

तिनं तेवढं काढलं. मी सही केली. तिनं कंपनीला नोटीस पाठवली. दोन महिन्यांनी इंग्रजीत उत्तर आलं, की अशा विषयावरचे दावे इतरत्र चालू असल्यामुळे सध्या काही सांगता येत नाही. तिनं ते मला मराठीत वाचून दाखवलं आणि पुढचं पत्र लिहू का असं विचारलं.

लिही म्हटलं.