नानासरांचं कपाट

नानासरांच्या घरी एखादी वस्तू विसरलात, तर ती सहजासहजी परत मिळायची नाही. जळगावच्या त्यांच्या घरात, पुढच्या खोलीत, काचेचं एक कपाट होतं. विद्यार्थ्यांच्या छत्र्या, कंगवे, वह्या, एक हेल्मेट, कुणाचा तरी एकच हातमोजा असं सगळं त्यात नीट मांडून ठेवलेलं. वस्तू न्यायला गेलं की सर किल्ली हातात धरून विचारायचे, "काय विसरलास ते मला दिसतंय. काय टाळतोयस ते सांग."

सर कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. माणूस उगाच काही करत नाही, उगाच काही विसरतही नाही. जे सोसत नाही ते मन तळाशी ढकलतं आणि ते भलत्याच वाटेनं वर येतं. अबोध मनाचा हा सगळा सिद्धांत त्यांनी आम्हाला त्या कपाटापुढे उभं करून शिकवला. पुस्तकातलं 'दमन' म्हणजे दाबून टाकणं आणि 'नकार' म्हणजे समोरचं खरं न मानणं, हे आम्ही पाठ करायचो ते फक्त परीक्षेपुरतं.

मी पहूरची. एम.ए.ला असताना वडिलांनी एका स्थळाचा फोटो पाकिटात घालून दिला होता, मामांकडे पोचवायला. ते पाकीट मी सरांच्या घरी तीनदा विसरले. तिसऱ्या वेळी सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी रडत म्हणाले, "मला हे लग्न करायचं नाही, सर." सरांनी किल्ली माझ्या हातात दिली. "हे मला सांगून काय उपयोग? दुपारची गाडी आहे पहूरची." मी त्याच गाडीनं गेले आणि घरी सांगून टाकलं. आज धुळ्यात मी समुपदेशक म्हणून लोकांपुढे बसते, ती त्या पाकिटामुळे.

त्यांना हरवलं ते एकाच माणसानं. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस पान्हा विसरून गेला. दुसऱ्या दिवशी सरांनी त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "सर, काम अर्धं राही गयं व्हतं. आज परत येनंच व्हतं, म्हणीसन ठेवा." सर पोट धरधरून हसले. पुढे वर्गात दरवर्षी हा किस्सा सांगायचे आणि म्हणायचे, "प्रत्येक गोष्टीच्या खाली काहीतरी दडलेलं असतंच असं नाही, बरं का." आम्हीही हसायचो. मी तर सगळ्यात मोठ्यानं.

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी एका रविवारी सर बोलता बोलता थांबले. सोनगीरच्या त्यांच्या थोरल्या बहिणीचं नाव त्यांना आठवेना. सुमनअक्काचं नाव! सरांना शिकवायचं म्हणून घरच्यांनी अक्काला चौथीतून काढलं होतं. ही गोष्ट ते दर महिन्याला सांगायचे. मी लगेच म्हणाले, "सर, तुम्ही तिचं देणं लागता असं तुम्हाला वाटतं. ती टोचणी सोसत नाही, म्हणून मन नावच पुसून टाकतंय." सरांचा चेहरा उजळला. "शाब्बास," ते म्हणाले. त्या शाब्बासकीनं मी महिनाभर हवेत होते.

मग दर रविवारी मी जळगावला जायचे आणि आम्ही दोघं समोरासमोर बसायचो. सर भाजीवाल्याकडे पिशवी विसरले, शेजाऱ्याच्याच फाटकाची कडी काढत बसले, एकच गोष्ट तासाभरात तीनदा सांगितली. प्रत्येकाचं कारण आम्ही त्यांच्या लहानपणात शोधलं आणि आम्हाला ते प्रत्येक वेळी सापडलं. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, दारात उभ्या राहून ऐकायच्या. एकदा न राहवून म्हणाल्या, "तुमनं हाई बठ्ठं खरं व्हई. पन यासले एखादा डॉक्टरले दखाडा ना, बेटा." मी त्यांना समजावलं, "काकू, हा मेंदूचा प्रश्न नाही, मनाचा आहे." हे वाक्य मी किती प्रेमानं, किती ठामपणे बोलले होते ते मला आजही ऐकू येतं. त्या बिचाऱ्या आत निघून गेल्या. शिकलेली माणसं दोन, आणि दोघांचं एकमत.

असे आठ महिने गेले.

शेवटी मीच ठरवलं की सरांना अक्कापुढे नेऊन बसवायचं. धुळ्याहून आम्ही सोनगीरला गेलो. महामार्गावरून किल्ला दिसायला लागला तसे सर खुलले. घरी पोचल्यावर अक्काचे हात हातात घेऊन लहान मुलासारखे रडले. "मन्हामुये तुनी शाळा सुटनी," म्हणाले. अक्कानं त्यांचे डोळे पदरानं पुसले. "मी ते कवयच भुली गयी, नाना. तू काबर धरी बठना?" मीही रडले. मनात म्हटलं, सुटलं एकदाचं. इतकी वर्षं दाबलेलं बाहेर आलं, आता सर बरे होणार. माझ्या कामाचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

परतीच्या बसमध्ये, धुळं यायच्या आधी, सरांनी मला हळूच विचारलं, "आपण आत्ता कोणाकडे गेलो होतो?"

मी तिथूनच काकूंना फोन केला. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मेंदूचे फोटो उजेडापुढे धरले आणि झिजलेला भाग बोटानं दाखवला. "बरा होणारा आजार नाही हा," ते म्हणाले. "आधी आणलं असतं तर औषधांनी थोडे दिवस जरा बरे गेले असते, इतकंच." त्या थोड्या दिवसांत काकूंशी त्यांच्या किती गप्पा झाल्या असत्या, हा हिशोब मी करत नाही. करवत नाही.

एका सकाळी सर पूर्वीसारखे लख्ख होते. मी पायाशी बसून म्हणाले, "सर, माझं चुकलं." त्यांनी मान हलवली. "तुझं एकटीचं नाही. मेंदू झिजतोय, यापेक्षा मन लपवतंय हे ऐकायला बरं वाटत होतं मला. अशा वागण्याला काय म्हणतात?"

"नकार."

"शाब्बास," ते म्हणाले. "नाव माहीत असूनसुद्धा काही करता येत नाही ना गं?" समोर बसलेल्या माणसाला धीर देण्यावर माझं पोट चालतं, आणि त्या दिवशी मला एक वाक्य सुचलं नाही.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा त्यांच्या आवडीचं भरीत डब्यात भरून नेलं होतं. त्यांनी ते चवीनं खाल्लं आणि काकूंना विचारलं, "ही बाई कोण? भरीत चांगलं करते." मी हसले, निरोप घेतला आणि स्टँडवर येऊन बाकावर बसून राहिले. दोन गाड्या माझ्यासमोरून गेल्या.

तीन दिवसांनी काकूंचा फोन आला. "तुना डबा आठेच राही गया, बेटा. यासनी सोताच कपाटमा ठेवा. रोज काच उघडतंस, दखतंस, परत लाई लेतंस. कवय येस?"

"येते काकू, याच रविवारी," मी म्हणाले.

त्यानंतर चार रविवार झाले. डबा तिथंच, सरांनी ठेवलेल्या कपाटात आहे. काय टाळते आहे ते मला कुणी विचारायला नको, मला पक्कं माहीत आहे. तरी मी जळगावच्या गाडीत बसलेली नाही.