दुपारी एक ते चारचा खेळ

माझ्या आईने व्हिडिओ गेमला हात लावला असेल तर तो फक्त बंद करण्यासाठी, अशी माझी पंचेचाळिशी उलटेपर्यंत ठाम समजूत होती. ती समजूत एका रविवारी, कर्वेनगरच्या माझ्या घरी, वरण-भात चालू असताना मोडली. जेवण तेव्हाच पचलं, पण बाकीचं मला अजून पचलेलं नाही.

आधी आईच्या हाताचं सांगते, कारण सगळं त्या हातावर अडलं होतं. पावसाळ्याच्या शेवटी तिला अर्धांगाचा हलका झटका आला. पाय सावरला, बोलणं तर एक दिवसही थांबलं नाही, पण डावा हात मागे राहिला. बोटं अर्धवट मिटलेली आणि अंगठा आत वळलेला. दवाखान्यातून मी तिला थेट माझ्याकडे आणलं. तिला मात्र सदाशिव पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांतच परत जायचं होतं, आणि तेही एकटीने. डॉक्टर म्हणाले, हात चालू लागला तर खुशाल जाऊ द्या. मी माझी एक अट घातली. तिथलं दार तिने माझ्यासमोर स्वतः उघडून दाखवायचं. त्या दाराची खोड आम्हा सगळ्यांना माहीत आहे. डाव्या हाताच्या चिमटीत कडी धरून दार आपल्याकडे ओढल्याशिवाय उजव्या हातातली किल्ली फिरतच नाही. ते जमलं नाही तर ती जागा पेठेत क्लाससाठी बाहेरगावहून येणाऱ्या मुलींना भाड्याने द्यायची, असं मी आणि भावाने परस्पर ठरवून टाकलं होतं. आईला ते सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "द्या ना. आधी माझ्या फोटोला हार घाला, मग द्या."

असं बोलायचं आणि व्यायाम मात्र करायचा नाही. फिजिओथेरपीवाली मुलगी बिचारी गोड होती. तिने मऊ चेंडू दाबायला दिला, कपड्यांचे चिमटे उघडमीट करायला दिले, मातीसारखा लगदा मळायला दिला. आईने चेंडू परत केला आणि आपण मांजर नसल्याचं तिला कळवलं. चिमटे दोरीवर लावून टाकले. ती मुलगी गेली की मी आईवर ओरडायचे, आई पेपर उघडायची, आणि अंगठा होता तिथेच राहायचा. मुलीने मला जाताना जिन्यात सांगितलं होतं की आता हे दोन-तीन महिनेच महत्त्वाचे, नंतर बोटं आहेत तशीच राहतात. आईला सांगितलं तर ती म्हणाली, राहू देत.

त्या रविवारी माझा धाकटा भाऊ बंगळूरहून आला होता. तो मोबाइलवरचे गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. त्यांच्याकडे काहीतरी समारंभ होता आणि प्रत्येकाने आपापले आजवरचे सगळ्यांत आवडते तीन गेम निवडून पाठवायचे होते. दोन त्याचे ठरले होते आणि तिसऱ्यावर गाडी अडली होती. एवढा विचार त्याने लग्नाच्या वेळी केला असता तर बरं झालं असतं. जेवताना तो मला विचारू लागला, ताई, लहानपणचा कोणता घेऊ? मग काय, आम्ही दोघं सुटलोच. तो पिवळ्या कॅसेटमधला खेळ, उघड्या अंगाने बंदुका घेऊन जंगलात पळणारे दोघे. वरून पडणाऱ्या विटा रचायचा. बंदुकीने बदकं मारायचा, ज्यात बदक पडलं नाही की कुत्रा हसायचा. कॅसेट चालली नाही की ती काढून फुंकर मारायची, आणि फुंकर कोणाची लागू पडते यावरून मारामारी. मी विटांच्या बाजूने, तो बंदुकवाल्यांच्या. त्याच्या मते विटा म्हणजे गेम नव्हे, गवंडीकाम. मी त्याला म्हटलं की तू एकदाही तिसऱ्या लेव्हलच्या पुढे गेला नाहीस, तू बोलूच नकोस.

आणि आई, जिने टीव्हीला जोडायच्या त्या यंत्राला आयुष्यभर 'डबडं' म्हटलं, जिने आम्हाला रविवारचा अर्धा तास सोडून त्याला हात लावू दिला नाही, जिने परीक्षा आली की त्याचं अ‍ॅडॉप्टर तांदळाच्या डब्यात लपवलं, ती आई ताटातून मान वर न करता म्हणाली, "रणगाड्यांचा का नाही घेत?"

आम्हाला वाटलं, नाव ऐकलं असेल कानावर. भाऊ म्हणाला, रणगाड्यांचा काय आई, सोपा होता तो. त्यावर आईने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने आमटीला नावं ठेवली. मग तिने त्याला समजावून सांगितलं. लुकलुकणारा रणगाडा फोडला की कधी कधी फावडं मिळतं. खाली आपला गरुड असतो, तो उडाला की खेळ संपला. फावडं घेतलं की त्या गरुडाभोवतीच्या विटांचं लोखंड होतं. पण ते थोडाच वेळ टिकतं, म्हणून दिसल्याबरोबर हावऱ्यासारखं धावायचं नाही. शत्रू गरुडाजवळ आले की मग घ्यायचं. "तू दिसलं की घ्यायचास," ती म्हणाली. "म्हणून हरायचास."

भावाच्या हातातला घास हातातच राहिला. मी तर चमचा खाली ठेवला. माझा नवरा एकटाच शांतपणे जेवत होता, कारण आमच्या घरात काय घडतंय याचा त्याला पत्ताच नव्हता.

तुला हे कसं माहीत, असं मी विचारलं. आवाज चढलाच असेल माझा. आई म्हणाली, खेळले म्हणून माहीत. कधी? दुपारी. कोणाबरोबर? "तुझ्या बाबांबरोबर. आणखी कोण होतं घरात?"

आता आमच्या घरची दुपार ज्याला माहीत नाही त्याला याचं काहीच वाटणार नाही. बाबांचं मंडईजवळ स्टेशनरीचं दुकान होतं. पुण्यातल्या कुठल्याही सभ्य दुकानासारखं ते दुपारी एक ते चार बंद असायचं. बाबा चालत घरी यायचे, जेवायचे आणि झोपायचे. निदान आम्ही तसं मानत होतो. आमची शाळा दुपारची. दारावर बाबांच्या सुंदर अक्षरात पाटी होती, 'दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडले जाणार नाही.' ही पाटी पोस्टमन पाळायचा, शेजारच्या काकू पाळायच्या, गॅसवाला पाळायचा. माझा नवरा लग्नाआधी आमच्या घरी पहिल्यांदा आला तो साडेतीनला, आणि ती पाटी वाचून जिन्यात बसून राहिला. आईबाबांची झोप ही आमच्यासाठी देवघरासारखी गोष्ट होती. आणि दाराच्या आत ही दोघं पडदे ओढून, आवाज बंद करून रणगाडे चालवत होती.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. मे महिन्याच्या सुट्टीत आम्हाला रोज दुपारी कुठे ना कुठे पिटाळलं जायचं. वाचनालय, पोहणं, संस्कार वर्ग, मामाकडे. त्या संस्कार वर्गात मी तीन उन्हाळे श्लोक पाठ केले. मी ते आईला तिथल्या तिथे ऐकवलं. आई म्हणाली, मग काय बिघडलं, उच्चार स्वच्छ झाले तुझे.

भावाला मात्र वेगळंच काहीतरी पडलं होतं. तो एकदम हळू आवाजात विचारत होता की बाबा कसे खेळायचे. आमचे बाबा हिशेबी, अबोल, नाकावर चष्मा. आई म्हणाली, "ते गरुडापाशी उभे राहायचे, राखणीला. मी पुढे जायचे. जेवण झालेलं असायचं, थोड्या वेळाने रिमोट हातातच आणि घोरायला सुरुवात. मग त्यांचा रणगाडाही मलाच सांभाळायला लागायचा." एवढं सांगून तिने ताक मागितलं.

मग आजवरचा सगळ्यांत आवडता गेम तुझा हाच का, असं भावाने तिला विचारलं. ती म्हणाली, मी एकच खेळले, त्यात निवडायचं काय.

ते यंत्र भंगारात दिल्याचं तिनेच आम्हाला कधीतरी सांगितलं होतं. ते पेठेतल्या घरी तिच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात निघालं, जुन्या सुती साडीत गुंडाळलेलं, दोन्ही रिमोट आणि कॅसेटसकट. भावाने संध्याकाळीच जाऊन आणलं. अ‍ॅडॉप्टर तेवढं गेलेलं होतं. बुधवार पेठेतल्या दुकानदाराने ते यंत्र उलटसुलट करून पाहिलं आणि वस्तुसंग्रहालयाचा पत्ता हवाय का म्हणून विचारलं, पण अ‍ॅडॉप्टर दिलं. बाणाची चार बटणं डाव्या अंगठ्याखाली असतात, हे माझ्या डोक्यात तोवर आलंच नव्हतं. आलं ते भावाच्या. त्याने रिमोट आईच्या हातात दिला आणि तिचा डावा अंगठा त्या बटणांवर ठेवला.

पहिले काही दिवस बघवत नव्हतं. अंगठा डावीकडे-उजवीकडे कसाबसा सरकायचा, पण वर जायचाच नाही. आईचा रणगाडा खालच्या रांगेत आडवा आडवा पळत राहायचा आणि शत्रू वरून येऊन गरुड उडवायचे. आई चिडायची. मेल्या, मुडद्या, असं आमच्या घरात कधी न ऐकलेलं काय काय त्या रणगाड्यांना ऐकवायची. पण उठायची नाही. जिने चेंडू एकदाही दाबला नाही ती चष्मा लावून जेवणानंतर तास तास बसायची. फिजिओथेरपीवाली आली, तिने हे दृश्य पाहिलं आणि दारातच थबकली. मग आईशेजारी बसून तिने अंगठ्याची हालचाल पाहिली आणि चेंडू गुपचूप पिशवीत टाकला. मी दुसरा रिमोट घेऊन बसते म्हटलं तर आई म्हणाली, अंगठा माझा आखडलाय, तुझा नाही.

एका दुपारी मी स्वयंपाकघरातून सहज पाहिलं, तर तो पिवळा रणगाडा सरळ वर चालला होता. विटा फोडत, वळत, पुन्हा वर. मी आईच्या हाताकडे पाहिलं. अंगठा ताठ उभा राहून बटण दाबत होता. मला रडू आलं. आनंद झाला हे खरंच, पण आता ही जाणार हेही त्याच क्षणी कळलं, आणि खरं सांगायचं तर मला ती जायला नको होती.

थंडी सरता सरता आम्ही पेठेत गेलो. आईने कडी चिमटीत धरली, दार ओढलं, ते निसटलं. पुन्हा धरली. मी हात पुढे केला तो तिने कोपराने बाजूला सारला. किल्ली फिरली. ती आत गेली, खिडक्या उघडल्या आणि म्हणाली की मुलींना भाड्याने द्यायची हौस असेल तर आता तुमची जागा द्या.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी तिला दुपारी फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा केला. स्कूटर काढली आणि कर्वेनगरहून पेठेपर्यंत कशी पोचले ते मलाच माहीत नाही. डोळ्यांसमोर आई मोरीत पडलेली दिसत होती. धावत जिना चढले, तर दारावर बाबांची पाटी. बाबा गेल्यावर तिने ती काढून ठेवली होती. आता पुसून पुन्हा लावली होती. तरी मी बेल वाजवली. दार उघडलं नाही. शेवटी माझ्याकडच्या किल्लीने उघडलं.

आई टीव्हीसमोर बसली होती. पडदे ओढलेले, आवाज बंद. बेल ऐकू आली नाही का म्हणून मी कडाडले. ऐकू आली, ती म्हणाली, पाटी वाचता येत नाही का. मी काहीबाही बोलत तिच्या शेजारच्या खुर्चीपाशी गेले, ती बाबांची खुर्ची, आणि तेव्हा टीव्हीकडे माझं लक्ष गेलं. रणगाडे दोन होते. पिवळा वर लढत होता. हिरवा खाली गरुडाजवळ नुसता उभा होता. दुसरा रिमोट खुर्चीच्या हातावर ठेवलेला होता. एक शत्रू हिरव्याच्या दिशेने निघाला तशी आई वरचं सगळं टाकून धावत खाली आली आणि तिने त्याला उडवलं.

मला वाटलं, हिला एकटीला किती धावायला लागतंय. मी तो रिमोट उचलला.

"ठेव तो खाली," आई म्हणाली. "झोपलेत ते."

मी रिमोट होता तसा ठेवला आणि चार वाजेपर्यंत तिथेच खाली जमिनीवर बसून राहिले.