धुळ्याच्या विहिरीत ठरलेली खरेदी

"धुळ्याला समुद्र कधी आला?" मला रत्नागिरीच्या स्टँडवर सोडायला आलेल्या नवऱ्याने विचारलं आणि आजूबाजूचे चार लोक हसले. त्यांचं चुकलं नाही. समुद्र आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि मी डायव्हिंगचं सामान घ्यायला निघाले होते ती खानदेशात.

पाण्याखाली श्वास घ्यायला मी मालवणला शिकले, तेही सेहेचाळिसाव्या वर्षी. शिकताना सगळं भाड्याचं वापरलं. आता स्वतःचं घ्यायचं, पण वर्षाला एकच वस्तू, असा मीच मला नियम घातला होता. आमच्या माळ्यावर एक दुर्बीण, एक हार्मोनियम आणि व्यायामाची एक सायकल माझ्या हौसेची साक्ष देत धूळ खात पडली आहेत. मग पहिली वस्तू कोणती? आमचे डायव्हिंगचे सर म्हणाले, डोळे-नाक झाकणारा काचेचा मास्क. मैत्रीण म्हणाली, किती खोल गेलो ते सांगणारं मनगटी घड्याळ. माझं ठरलं होतं रेग्युलेटर. सिलिंडरमधली हवा तोंडात आणून देणारं हे यंत्र दातांत धरावं लागतं, आणि परक्या माणसांनी चावलेलं रबर तोंडात घ्यायची मला भयंकर किळस येते. अशात इंटरनेटवर जाहिरात दिसली: आखातात पाण्याखाली काम केलेल्या सुनीलभाऊ नावाच्या एका धुळेकराला आपलं सगळं सामान विकायचं होतं.

सकाळी धुळ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा सुनीलभाऊ स्कूटर घेऊन उभे होते. चाळिशीचे, धिप्पाड. एका कानात कापसाचा बोळा. "पडदा फाटला," त्यांनी न विचारता सांगितलं. "डॉक्टर म्हणे, आता अंघोळीला बसतानासुद्धा जपून. म्हणून विकतोय." देवपुरात त्यांच्या घरी चहा झाला, पण सामान पाहायला सवड नव्हती. श्रावणातला तो सोमवार कानबाई देवीच्या विसर्जनाचा होता आणि त्यांना गावी पोहोचायचं होतं. "बॅग घेऊनच चला ना ताई. गावाला निवांत बघा." एवढी मोठी बॅग पायाशी आणि मी मागे, अशी आमची वरात निघाली.

खानदेश म्हणजे कोरडा, हे मी शाळेच्या भूगोलापासून धरून बसले होते. पांझरा पाहिली आणि थक्क झाले. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं. नदी तांबडी, फुगलेली, काठाला घासत चाललेली. काठावर पोलीस आणि भोंग्यावरून एकच सूचना: नदीपात्रात कोणी उतरू नये. सुनीलभाऊंनी स्कूटर थांबवून पाण्याकडे पाहिलं. "मग विहिरीवरच न्यावी लागेल," ते म्हणाले. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

गावी घरभर बायका होत्या आणि मधोमध चौरंगावर कानबाई. हे खानदेशचं दैवत म्हणजे एक नारळ. त्याला चांदीचे डोळे, नथ, कपाळावर मळवट, पितळी तांब्यावर सुताने घट्ट बांधलेला आणि वर लाल चुनरी. दरवर्षी नवा आणायचा नाही. 'परनेलं नारळ' (लग्न लागलेला नारळ) सासूकडून सुनेकडे पिढ्यान्‌पिढ्या जातो. विसर्जनाला नदीवर नेतात, पाण्यात न्हाऊ घालतात आणि पुन्हा घरी आणतात. हे सगळं मला अक्कांनी सांगितलं. अक्का म्हणजे सुनीलभाऊंची आई, सत्तरीच्या पुढच्या, अंगाने काटकुळ्या, आवाज मात्र खणखणीत. "तुमले रोट देता येत नही बरं ताई," त्या म्हणाल्या. रोट म्हणजे कानबाईचा नैवेद्य, तो फक्त भाऊबंदांनी खायचा. माझ्यासाठी वेगळी शेवभाजी केली होती. पहिल्या घासाला कानातून वाफ निघाली. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि मी, मासळीच्या तिखटावर वाढलेली बाई, ताकाचा तांब्या शोधत होते.

जेवून ओसरीवर बॅग उघडली. रेग्युलेटर सुरेख होता. मी मनात त्याला पिशवीतसुद्धा घातला. पायात घालायचे लांब पंख, हवेचं जॅकेट, सिलिंडर, सगळं पाहिलं. शेवटी मास्क. तो पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने श्वास ओढायचा. चिकटून राहिला तर आपल्या मापाचा. माझं नाक मोठं, गाल बसलेले. भाड्याचा एकही मास्क मला कधी नीट बसला नाही. हा मात्र बसला. सुनीलभाऊंनी भुवया उंचावल्या. तरीही मी म्हटलं, "मला रेग्युलेटरच हवा."

एवढ्यात वाजंत्री आली. कानबाई डोक्यावर घ्यायचा मान घरच्या थोरल्या बाईचा, म्हणजे अक्कांचा. पण अक्कांनी तो यंदा हट्टाने भाग्यश्रीला दिला. भाग्यश्री त्यांच्या धाकट्या मुलाची बायको. लग्न याच उन्हाळ्यात झालेलं. अक्कांच्या जाऊबाईंना ते मुळीच आवडलं नाही. "आजून हयद उतरनी नही तिनी" (अजून तिची हळद उतरली नाही), त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या.

विहीर शेतात होती. मोठी, दगडी, अर्ध्यापर्यंत पायऱ्या, पाणी भरलेलं. भाग्यश्री शेवटच्या पायरीवर वाकली, तिने कानबाई पाण्याला टेकवली आणि शेवाळावरून तिचा पाय सरकला. बाजूच्या बाईने तिला धरलं. कानबाईला कोणी धरलं नाही. लाल चुनरी क्षणभर पाण्यावर फुलली आणि तांब्याच्या वजनाने सरळ खाली गेली.

वाजंत्री बंद पडली. मी परकी, मला त्या नारळाचं काय? पण त्या मुलीच्या चेहऱ्यातलं रक्त उतरताना मी पाहिलं.

"माय वं! कानबाई हिरमा पडी गयी!" (विहिरीत पडली) कोणीतरी किंचाळलं. मग जाऊबाई बोलल्या. पायगुण, अपशकुन, घराण्याचं वाटोळं, सगळं एका दमात. भाग्यश्री पायरीवर बसून थरथरत होती. अक्का मात्र एकही शब्द बोलत नव्हत्या. त्या नुसत्या पाण्याकडे पाहत होत्या आणि मला वाटलं, म्हाताऱ्या बाईला धक्का सोसला नाही.

पुरुषांनी धडाधड उड्या मारल्या. पोहणारे पट्टीचे होते, पण उघड्या डोळ्यांनी तळाशी काय दिसणार? त्यांच्या पायांनी गाळ उठला आणि हिरवं पाणी चहासारखं झालं. मी सुनीलभाऊंकडे पाहिलं. त्यांनी कानाला हात लावला. "सिलिंडर?" मी विचारलं. "त्यातली हवा कित्येक वर्षांची शे. तिच्यावर मी दुश्मनालासुद्धा खाली सोडणार नाही." म्हणजे माझा लाडका रेग्युलेटर बॅगेतच राहणार होता.

मग माझाच आवाज मला ऐकू आला. "सगळे बाहेर या! एकानेही पाण्यात पाय घालायचा नाही! आणि विहिरीवरच्या मोटारीची लाईन तोडा आधी!" मी एवढ्या जोरात ओरडले की माणसं खरंच बाहेर आली. सुनीलभाऊंनी मोटारीचे फ्यूज काढून खिशात टाकले. गाळ बसायला वेळ लागणार होता. बायकांनी विहिरीच्या काठावर बसून कानबाईची गाणी सुरू केली. मला शब्द कळत नव्हते, पण त्या तिला हाका मारत होत्या एवढं कळत होतं.

ऊन डोक्यावर आलं तसा उजेड सरळ विहिरीत उतरला. पंख घातले असते तर गाळ पुन्हा उठला असता, म्हणून तेही राहिले. कमरेला दोर, डोळ्यांवर मास्क, अंगात माझाच पंजाबी ड्रेस. भाग्यश्रीने माझा हात धरला. "ताई, नही सापडनी तं मनं कसं व्हई?" (नाही सापडली तर माझं कसं होईल?) मी तिचा हात हलकेच सोडवला. छाती भरून घेतली आणि मोटारीच्या पाइपाला धरून डोकं खाली घातलं.

विहिरीचं पाणी समुद्रासारखं माणसाला उचलून धरत नाही. ते गार, मुकं आणि जड होतं. कान दुखले, नाक दाबून ते मोकळे केले. मास्कमध्ये थेंबही आला नाही. तळाशी पोहोचले आणि लाल चुनरी दिसली. हात पुढे केला, आणि तिच्यापलीकडे, गाळात अर्धा रुतलेला, हिरवट पडलेला आणखी एक पितळी तांब्या दिसला. त्याच्या गळ्याशी कुजलेल्या सुताचा वेढा आणि बाजूला गाळातून वर पाहणारा चांदीचा एक डोळा.

भीतीने माझ्या तोंडातून हवेचे बुडबुडे सुटले. लाल चुनरीसकट कानबाई छातीशी धरली आणि दोर ओढला.

वर आले तेव्हा काय गलका झाला! भाग्यश्री रडत होती, वाजंत्री पुन्हा सुरू झाली होती, कोणी माझ्यावर गुलाल उधळत होतं. मी दात वाजवत पायरीवर बसले. पाहिलं ते सांगावं की गिळावं, मला कळेना. तेवढ्यात जाऊबाईंचा आवाज आला. "सापडनी ते चांगलं व्हयनं. पन हातमाईन पडनी ती पडनीच. फुढला साले इना हातमा देऊ नका." (हातातून पडली ती पडलीच. पुढच्या वर्षी हिच्या हातात देऊ नका.) दोन-चार डोकी हलली. भाग्यश्रीचं रडणं थांबलं, आणि ते थांबणं रडण्यापेक्षा वाईट होतं.

अक्का उठल्या. वाजंत्रीवाल्यांना हाताने थांबवलं.

"मना हातमाईन बी पडनी व्हती," त्या म्हणाल्या. (माझ्याही हातातून पडली होती.)



"मी नवी व्हतू. याच हिरमा. सासूनी रातोरात दुसरं नारळ परनाडं अन्‌ माले सांगं, तोंड उघडू नको. आज लगून उघाडं नही." (सासूने रातोरात दुसऱ्या नारळाचं लग्न लावून मला गप्प बसवलं, ते आजपर्यंत.) मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "इचारा त्या ताईले. तठे दोन शेतस का नही?" (तिथे दोन आहेत की नाही?)

अख्खं गाव माझ्याकडे वळलं. मी मान हलवली. "आहेत," म्हटलं. "दोन होत्या."

सुनीलभाऊ आईकडे असे पाहत होते, जणू ही बाई त्यांनी आजच पाहिली. आयुष्यभर या घरात सगळ्यांनी पुजलेली, पिढ्यान्‌पिढ्यांची म्हणून मिरवलेली कानबाई अक्कांच्या संसाराएवढीच जुनी निघाली होती. जाऊबाई दोन पावलं मागे सरकल्या. एकजण दोर घेऊन पुढे आला, खालची काढू का म्हणून. "ऱ्हाऊ द्या तिले," अक्का म्हणाल्या. "तीच आमनं पानी सांभाळी राहिनी." (तीच आमचं पाणी सांभाळते आहे.) आणि त्यांनी ओली कानबाई उचलून पुन्हा भाग्यश्रीच्या डोक्यावर ठेवली.

परतीची गाडी जळगावहून होती. खिडकीतून केळीच्या बागा मागे पडत होत्या, मांडीवर भाग्यश्रीने दिलेली वेफर्सची पिशवी होती आणि पर्समध्ये मास्क. रेग्युलेटर पुढच्या वर्षी. नवऱ्याने फोनवर विचारलं, "काय घेतलंस शेवटी?" सांगितलं. "एवढ्या लांब जाऊन फक्त मास्क?" मी हो म्हटलं. मी तळाशी गेले नसते, तरी अक्का बोलल्या असत्या का? रत्नागिरी येईपर्यंत मी तेच विचारत राहिले. मला वाटतं, बोलल्या असत्या. जाऊबाई पहिल्यांदा कडाडल्या तेव्हा म्हाताऱ्या बाईला धक्का बसला असं मी समजले होते. ती तर तेव्हा धीर गोळा करत होती.